एकोणिसावा बोल्ट

आधीच सांगते, यातलं काहीही मी रंगवलेलं नाही. रंगवून सांगायला मला येतं, वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरी आले होते मी. पण हे तसलं नाही. हे माझ्या हातात पाना असताना घडलंय.

तारीख १० मे १९८८, मंगळवार. नववीची परीक्षा संपून सुट्टी लागलेली. जागा म्हणजे बोईसर-तारापूर रस्त्यावरचं, कुंभवलीजवळचं माझ्या मामाचं गॅरेज.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

लख्ख ऊन होतं.

माझ्या मामाचं नाव एकनाथ. आम्ही मूळचे मुरब्याचे, घरातले सगळे समुद्रावर जाणारे. मामा तेवढा होडीच्या इंजिनात रमला आणि तिथून ट्रकच्या इंजिनात आला. भिकाकाका त्याचा भागीदार. दोघांनी मिळून पंधरा वर्षं गॅरेज चालवलं.

गॅरेजला लागून बर्फाचा कारखाना आहे. बर्फ फोडायचं मशीन दिवसभर असं घरघरतं की शेजारच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून या दोघांनी ठोक्यांची भाषा काढली होती. पान्याने ट्रकच्या मडगार्डवर ठोकायचं.

दोन ठोके म्हणजे, माझा झाला, आता तू आवळ.

एक ठोका म्हणजे, थांब.

ही भाषा सगळ्यात जास्त लागायची ती हेड बसवताना. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण म्हणा. त्याच्याखाली गॅस्केट नावाचा पातळ पत्रा असतो. वरून सव्वीस बोल्ट. मधल्यापासून सुरुवात करून कडेकडेला जायचं, एक बोल्ट डावीकडचा, एक उजवीकडचा. तेही एकदम नाही, तीन फेऱ्यांत. घाई केली तर हेड वाकडं बसतं, गॅस्केट उडतं आणि पाणी तेलात शिरतं. मामा आणि भिकाकाका समोरासमोर उभे राहून हे करायचे, एक शब्द न बोलता.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये बळवंतकाकांच्या ट्रकचं हेड असंच उघडलेलं होतं. बळवंतकाका म्हणजे चिकूच्या वाडीवाले. तेवढ्यात भिकाकाकाला कावीळ झाली. घरी जाताना तो मामाला म्हणाला होता, "मी येस्तोवर बंद करू नको. थांब."

मामा चार दिवस थांबला. पाचव्या दिवशी बळवंतकाकांचा माल अडला, म्हणून दुसऱ्या एकाला घेऊन त्याने हेड बंद केलं.

त्याच संध्याकाळी भिकाकाका गेला.

आणि तिसऱ्या दिवशी त्या ट्रकचं गॅस्केट चिल्हार फाट्यापाशी उडालं.

तेव्हापासून मामाने एकही हेड बसवलं नव्हतं. पंक्चर, ब्रेक, असली बारीकसारीक कामं करायचा. हेडचं काम आलं की गिऱ्हाईकाला पालघरला पाठवायचा. दमयंतीमामीने शेवटी आपल्या भावाकडून तारापूरच्या एका कंपनीत त्याच्यासाठी हेल्परची जागा बघून ठेवली. सोळा तारखेला, सोमवारी हजर व्हायचं होतं.

पण सात तारखेला, शनिवारी बळवंतकाका तोच ट्रक दोरीने ओढत घेऊन आले. नऊ महिने वाडीत उभा होता. मामाला म्हणाले, उघडलंस तू, नीट बंदही तूच कर, मग खुशाल कुठे जायचं तिथे जा.

मामा त्या रात्री जेवला नाही म्हणे. सकाळी मामीला म्हणाला, ह्यो चालला तर गॅरेज ठेवीन, नाय चालला तर सोमवारी कंपनीत.

आणि समोरच्या बाजूला उभं कोण राहणार? मी! मीच हट्ट धरला. मामी म्हणाली, काळ्या हातांच्या पोरीला स्थळं कुठून येतील. मी म्हटलं, ज्यांचे ट्रक बंद पडतात त्यांची येतील. मामा नऊ महिन्यांत पहिल्यांदा हसला.

दोन ड्रमांवर आडवी फळी टाकली होती, तिच्यावर मी चढले. भिकाकाका जिथे उभा राहायचा तिथेच. नवीन गॅस्केट मी स्वतः पुसून बसवलं. हेड खाली आलं. शाळेतून आणलेल्या खडूने मी बोल्टांशेजारी एक ते सव्वीस आकडे लिहिले. विषम माझे, सम मामाचे.

"टीचर," मामा म्हणाला, "फळा झाला असंल तर पाना धरा."

पहिली फेरी मस्त झाली. बर्फाचं मशीन घरघरत होतं. मी आवळायची, दोन ठोके द्यायची. मग मामा आवळायचा आणि ठोकायचा.

टक टक.

टक टक.

मला तर वाटलं, यात एवढं काय आहे.

दुसऱ्या फेरीत एक गोष्ट लक्षात आली...

मामाचे ठोके त्याच्या बाजूने येत नव्हते. माझ्या डावीकडून येत होते. माझ्याच मडगार्डवरून. म्हटलं, पत्र्यातून आवाज फिरत असेल. भौतिकशास्त्रात आहे आम्हाला ते.

तिसरी फेरी म्हणजे पूर्ण जोर. पान्याला पाइप लावून ओढायचं. माझे खांदे भरून आले. घाम पुसायला थांबले आणि जाणवलं, माशा नाहीत.

बर्फाच्या कारखान्यात मासळीच्या पेट्या येतात, त्यामुळे आमच्याकडे माशांचा नुसता उच्छाद असतो. मामाच्या बाजूला होत्या. त्याच्या डोक्याभोवती घोंघावत होत्या. माझ्या बाजूला...

एकही नव्हती.

एकोणीस नंबरला पाना लावला.

टक.

एकच ठोका. मी थांबले. मामाकडे पाहिलं. तो खाली मान घालून पाना पुसत होता. थोड्या वेळाने त्याने मान उचलली आणि हाताने खूण केली, चल, आवळ.

मी पाइप धरला.

टक.

पुन्हा थांबले. मामा वैतागून बघायला लागला. तिसऱ्यांदा धरला.

टक.

मामा पाना ठेवून बोनेटला वळसा घालून माझ्याकडे आला. फळीवर चढून कानाशी तोंड आणून ओरडला, का थांबतेस. मी तेवढ्याच जोरात म्हटलं, तूच थांब म्हणतोयस ना. तीनदा ठोकलंस.

त्याचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. रागावला नाही तो. एकदम म्हातारा दिसायला लागला.

आणि त्याच वेळी वीज गेली.

मशीन घरघरत बंद पडलं. इतकी शांतता मी त्या गॅरेजमध्ये कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरून सायकल गेली तिची साखळीसुद्धा ऐकू आली.

माझे दोन्ही हात पाइपवर होते. मामाचे हात रिकामे. त्याचा पाना ट्रकच्या पलीकडे पडलेला.

टक.

आम्ही दोघांनी ऐकलं. दोघांनीही.

मडगार्डवर काही नव्हतं. ऊन पडलं होतं तेवढंच.

मामाने माझ्या हातातून पाना काढून घेतला.  एकोणीस नंबरचा बोल्ट त्याने पूर्ण बाहेर काढला. आटे बघितले. भोकात तार घालून बघितली, पाणी नाही, कचरा नाही. बोल्ट चांगला होता. सगळं चांगलं होतं.

त्याने बोल्ट परत घातला, पाना लावला.

टक.

मामा फळीवरून उतरला आणि जमिनीवर बसला. म्हणाला, मी बळवंतभाऊला सांगतो. नाय जमत. सोमवारी जातो कंपनीत.

मला रडू यायला लागलं होतं. भीतीचं होतं की रागाचं, ते खरंच माहीत नाही. एवढे आकडे लिहिले, एवढा घाम गाळला. मी म्हटलं, "मामा, त्याला विचार ना काय पायजे."

 मामा मडगार्डकडे न बघता, खाली मातीकडे बघत बोलला.

"तू थांब बोललास. मी थांबलो नाय. चुकलो मी भिका."

काहीच नाही...

"नऊ म्हैने थांबलो हाय आता. पोरगी हाय ती, माझ्या भैनीची. करू दे तिला."

काहीच नाही.

बर्फाच्या कारखान्यातला यूपीचा कामगार बाहेर येऊन बिडी पेटवत होता. आमच्याकडे बघून म्हणाला, बिजली शाम तक नहीं आएगी.  तो आत गेला.

आणि मग...

टक टक.

मडगार्डवर नव्हतं ते. फळीवर होतं. माझ्या डाव्या पायाशेजारी. तळव्याला हादरा जाणवला.

मामाने मान डोलावली. मला पळून जायचं होतं, पण पळाले नाही. पाइप धरला आणि ओढला. आधीच्या प्रत्येक बोल्टला मला लटकावं लागलं होतं. हा लोण्यासारखा फिरला. जसं काही पाइपचं टोक अजून कुणीतरी धरलंय.

उरलेले सात आम्ही एक शब्द न बोलता आवळले. त्या सातही बोल्टांना ठोके फक्त आमचेच होते. मी मोजत होते.

ऊन उतरायच्या आत ट्रक सुरू झाला. पांढरा धूर नाही, तेलात पाणी नाही. बळवंतकाकांनी पेढे आणले. मामा मामीला म्हणाला, तुझ्या भावाला कळव, जागा दुसऱ्या कुणाला द्या. मामी पदराने डोळे पुसत होती.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

हेड बसवलं की एक दिवस इंजिन चालवायचं, आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. गरम होऊन गॅस्केट दबतं, त्यामुळे प्रत्येक बोल्ट पाव फेरा तरी फिरतोच. दुसऱ्या दिवशी आम्ही ते केलं. पंचवीस बोल्ट फिरले.

एकोणिसावा हलला नाही.

मी लटकले. मामाने मोठा पाइप लावून जोर केला. पान्याचा दांडा किंचित वाकला, बोल्ट हलला नाही. मामा म्हणाला, एवढं आवळणारा एकच माणूस होता आमच्यात.

ट्रक आजही चालतोय. बळवंतकाका दर आठवड्याला माल घेऊन जातात. गॅरेज जोरात आहे, आणि दहावीचं वर्ष असूनही रविवारी मी तिथेच असते. आतापर्यंत तीन हेड बसवली मी. ठोके पुन्हा कधी आले नाहीत. मामा म्हणतो, भिकाने तुला जागा दिली, आता तो मोकळा झाला.

मी हो म्हणते.

पण गेल्या रविवारी मामीने मला विचारलं, एवढी लांब फळी असताना तू नेहमी उजव्या टोकाला, पडशील अशी का उभी राहतेस?

मला तोवर माहीतच नव्हतं. मी मुद्दाम करत नाही ते.

काल मधोमध उभं राहून बघितलं...

नाही उभं राहता आलं. तिथे जागाच नव्हती.