एक थेंबही नको

कामावर निघण्याआधी अरुनी रोज सकाळी पिकअपखालचा पुठ्ठा ओढून काढायची आणि उजेडात धरायची. तेलाचा डाग कुठे पडला, केवढा पसरला, कोणत्या बाजूला ओघळला, हे बघायची. रोंग क्वांग गावच्या पाणीपुरवठा केंद्रात ती पाण्याचे नमुने तपासत असे. गळकं इंजिनही तिला तसंच वाटायचं. नीट पाहिलं की उत्तर सापडणारच.

पण सापडत नव्हतं. तोंगच्या गॅरेजमध्ये आधी हेड कव्हरचं गॅस्केट बदललं, मग पुढचं ऑइल सील. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं, त्यात तिच्या पगाराचा मोठा लचका गेला. प्रत्येक वेळी गाडी थोडे दिवस कोरडी राहायची आणि मग पुन्हा पुठ्ठ्यावर तोच काळा, निर्लज्ज डाग.

"तोंगदादा, तुम्ही गळती बंद करता की तिची फक्त जागा बदलून देता?"

"म्हातारी गाडी आहे ताई. या वयात कुठून ना कुठून गळायचंच," तोंग चिंधीला हात पुसत म्हणाला. "खोटं वाटत असेल तर माझ्या बापाला विचारा."

अरुनीला हसू आलं, पण फार काळ टिकलं नाही. तिच्या आईची, बुआखामची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड फ्रे शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. बसच्या पायऱ्या आईला चढवत नव्हत्या. एकदा अर्ध्या वाटेत तेलाचा लाल दिवा लागला आणि इंजिन बंद करावं लागलं. दुसरं वाहन मिळेपर्यंत आईची डायलिसिसची पाळी हुकली. त्या रात्रीपासून पुढची पाळी मिळेपर्यंत आईला आडवं होता आलं नाही. आडवी झाली की श्वास कोंडायचा. ती उशांना टेकून बसून राहिली, आणि अरुनी तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन.

पुढच्या खेपेला बुआखाम गाडीत बसली ती मोगऱ्याची माळ घेऊनच. गडद निळा सुती सदरा, केसांचा घट्ट अंबाडा, मागच्या सीटवर डावीकडची नेहमीची जागा.

"ही आरशाला बांध, आणि मे यानांगशी बोल."

गाडीत मे यानांग ही देवी राहते, तिला विचारल्याशिवाय गाडी हलवायची नसते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अरुनी माळ बांधायची, पण बोलायची कधीच नाही.

"आई, गॅस्केटला कान नसतात."

"तोंगच्या खिशात इतकं ओतलंस, त्याला तरी कान आहेत का? नवस बोल. तोंड काही झिजत नाही."

उशीर होत होता. अरुनीने स्टिअरिंगसमोर हात जोडले आणि एका दमात म्हणून टाकलं, "आई या गाडीत बसलेली असेल तोवर खाली तेलाचा एक थेंबही पडू देऊ नकोस."

"आणि बदल्यात काय देणार?"

"आधी थांबू दे तरी."

"असा कुठे नवस असतो का, वेडे? फेड कशी करणार ते आधीच सांगायचं असतं." बुआखामने स्वतःच हात जोडले. "राहू दे. ते मी ठरवते." तिने डोळे मिटले. तिचे ओठ हलताना अरुनीला आरशात दिसले. शब्द ऐकू आले नाहीत.

गळती थांबली.

कारणं सुचत होती. रबर तेल पिऊन फुगलं असेल. फटीत गाळ बसला असेल. तरी अरुनी पुठ्ठा ठेवत राहिली, तो आता इस्पितळाच्या वाहनतळावरही. आई आत असायची ते चार तास ती एकटीच गाडीत बसून राही, आणि त्या वेळात पुठ्ठ्यावर डाग पडायचा. आईला बसवून घरी आणलं, दारात आई थोडी टेकून बसली, तर खालचा पुठ्ठा कोरा. कामावर एकटी गेली की डाग. तिने उतारावर गाडी लावून पाहिली, सपाटीवर पाहिली, इंजिन तापवून आणि थंड करून पाहिलं. तेलात चमकणारा रंग मिसळून निळ्या दिव्याखाली सगळे सांधे तपासले. कशानेच फरक पडत नव्हता. फरक एकाच गोष्टीने पडत होता, आणि ती मोजण्यासारखी नव्हती.

तिने आईला काही सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. फक्त कधीतरी माळ बदलताना म्हणायची, "बघ, ऐकते की नाही बिचारी."

पुढच्या थंडीत, फ्रेहून परतताना, बुआखाम मागे झोपली. एवढ्यातेवढ्यात डोळा लागायची तिला सवयच होती. दारात गाडी थांबवून अरुनीने मागे न बघताच हाक मारली, "आई, आलं घर. उतर." मग पुन्हा एकदा. मग ती मागे वळली.

अंत्यविधी झाला. भिक्षूंचं पठण झालं. अस्थी विहाराच्या भिंतीत ठेवल्या. अरुनी कामावर जाऊ लागली, आणि पुठ्ठा कोरा येऊ लागला.

केंद्राच्या आवारात कोरा. घरी कोरा. ती एकटीच असायची, तरी कोरा.

आधी तिला बरं वाटलं. मग एके दिवशी चौकात लाल दिव्याला थांबली असताना तिच्या मनात आलं, की आई अजून मागच्या सीटवरच बसलीय. पाय सुजलेले, माळ मांडीवर. कोणी उतरवायला येईल म्हणून वाट बघत.

तिने नवस फेडायचा ठरवला. बॉनेटवर उकडलेली अंडी, लाल सरबताची बाटली, नवी माळ ठेवली. माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोराच. आईने काय कबूल केलं होतं तेच तिला माहीत नव्हतं.

शेवटी ती भर दुपारी तोंगकडे गेली.

"गाडी गळत नाहीये."

"अभिनंदन! मिठाई कुठंय?"

"चेष्टा नको, दादा. काहीही करा, पण गळवा."

तोंगने तिच्याकडे पाहिलं आणि दात दाखवणं बंद केलं. गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. तेल मोजायची पट्टी ओढली, ती खुणेपर्यंत भिजलेली. "एवढंच ना? तेल काढून टाकतो. मग तर पडेल?" म्हणत तो घमेलं घेऊन खाली उतरला. पान्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

"दादा?"

"ताई, जरा खाली या."

ती उतरली. तेलाच्या चेंबरचा नट तोंगच्या हातात होता. वर भोक उघडं होतं. भोकाच्या कडेपर्यंत तेल आलेलं दिसत होतं, काळं, चकचकीत, किंचित फुगलेलं. ते तिथेच थांबलं होतं.

तोंगने बोट लावलं. बोट भिजलं. खाली काही पडलं नाही.

"हे असं... नसतं होत," तो म्हणाला.

अरुनी पायऱ्या चढून वर आली. मागचं डावं दार उघडलं. सीट रिकामी होती. बसून बसून पडलेला खळगा तेवढा होता. तिने हात पुढे केला, आईचा दंड धरायला करायची तसाच.

"आई," ती म्हणाली, "उतर आता. माझं चुकलं. उतर."

काहीच झालं नाही.

मग मागच्या चाकावरची स्प्रिंगची कमान कुरकुरली. गाडीची डावी बाजू बोटभर वर आली, आणि खाली घमेल्यात धार पडल्याचा आवाज सुरू झाला.

"आलं! ताई, आलं!" तोंग खालून ओरडला. त्याचा आवाज चिरकत होता.

अरुनीने दार हळूच लावलं. तोंगने आपल्याला रडताना बघू नये म्हणून ती पुढे जाऊन स्टिअरिंगमागे बसली आणि कपाळ हातांवर टेकलं. धार पडत होती. इतका सुंदर आवाज तिने पूर्वी ऐकला नव्हता.

गाडी पुन्हा कुरकुरली.

या वेळी पुढून, तिच्या डावीकडून. शेजारची सीट सावकाश दबली.

अरुनीने मान वर केली नाही.

"ताई," खालून तोंग म्हणाला, अगदी हळू. "थांबलं."