तिसऱ्या पायाचा जोड

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून धाकट्याने वेल्डिंगचं मशीन त्यावर आडवं केलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बायकोच्या ताटात अजून भात होता.

"एवढ्या मायेने माझ्या माहेरचं माणूस कधी टेबलावर बसवलं नाहीत," ती म्हणाली आणि ताट घेऊन ओट्याशी गेली.

धाकटा म्हणजे दोघा भावांतला धाकटा. बावन्न वर्षांचा झाला, केस पिकले, तरी थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि याला धाकटा. दुकान दोघांचं, मशीन दोघांचं. बोलायचं तोंडही दोघांत एकच, आणि ते दादाचं. धाकट्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दादा बोलतो म्हणजे आपल्याला बोलावं लागत नाही, असा त्याचा हिशेब.

त्यांनी बांधलेला पाण्याच्या टाकीचा स्टँड तीन आठवड्यांपूर्वी कलला. तिसऱ्या पायाचा जोड सुटला, टाकी खाली आली आणि बंगल्यातल्या माळ्याचा पाय तिच्याखाली सापडला. आज पाच वाजता बंगल्याचा मालक दोघांचे लेखी जबाब घ्यायला येणार होता. जोड कोणाचा, एवढंच त्यात लिहायचं होतं. ज्याचा जोड, त्याच्या हातात गावात पुन्हा कोणी वेल्डिंगचा होल्डर देणार नव्हतं.

धाकट्याला आठवत होतं, पहिला आणि दुसरा पाय त्याने जोडला होता. तिसरा, चौथा दादाने. पण वेल्डरचा जोड म्हणजे त्याचं अक्षर. दादा डावखुरा, रॉड उजवीकडून डावीकडे ओढायचा, घाईत, जोडावरचे खवले विरळ, आणि डाव्या टोकाला खड्डा सोडून मोकळा व्हायचा. धाकटा डावीकडून उजवीकडे जायचा, माशाच्या खवल्यांसारखा दाट, आणि शेवटी अर्धं बोट मागे येऊन खड्डा भरायचा. सुटलेला जोड त्याने स्वतः हातात घेऊन पाहिला होता. दाट खवले, भरलेलं टोक.

"माझाच हात आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. आठवण चुकते, लोखंड कसं चुकेल?

दादाने नुसती मान हलवली होती.

त्यानंतर मशीन बंद पडलं. "उघडू नकोस, भंगारात देऊ," दादाने बजावलं होतं. पण होल्डर सुटायच्या आधी मशीन एकदा नीट चालताना पाहावं, असं धाकट्याला फार वाटत होतं.

प्लग लावला की पंखा फिरायचा, पण मशीन थंडगार असूनही तापल्याचा पिवळा दिवा लागायचा आणि करंट यायचा नाही. त्याने प्लग काढला, झाकण उघडलं, कपॅसिटरमध्ये उरलेली वीज बल्ब लावून उतरवली. ब्रशने काळी धूळ झाडली. मीटर घेऊन एकेक भाग तपासला. सगळं ठीक. मग बोट सरकवत तो तापमान बघणाऱ्या बारक्या स्विचपाशी पोहोचला. तिथली वायर तुटली नव्हती. कापली होती. दोन्ही टोकं कटरने कापल्यासारखी सरळ, आणि वर धूळ लावून ठेवलेली.

हे मशीन दोघांशिवाय कोणी हाताळत नसे.

त्याने वायर सोलली, कथिलाचा डाग दिला, वर नळी चढवली. पिवळा दिवा विझला. मागच्या अंगणात पत्र्याचा तुकडा ठेवून, काच तोंडावर घेऊन त्याने जोड ओढला. डावीकडून उजवीकडे, शेवटी अर्धं बोट मागे.

हातोडीने जोडावरची काळी खपली उडवली.

खवले विरळ होते, आणि उलट्या दिशेला वळलेले. उजवं टोक, जिथे तो आत्ता थांबला होता, गुळगुळीत. खड्डा डाव्या टोकाला, जिथून त्याने सुरुवात केली होती.

त्याने दुसरा ओढला. तिसरा ओढला.

बायको दोरीवरचे कपडे काढायला आली आणि पत्र्याकडे बघून थबकली. सव्वीस वर्षांत तिलाही दोघांचा हात कळायला लागला होता.

"मोठे भावोजी कधी येऊन गेले?"

धाकट्याने पत्रा आपल्याकडे ओढून घेतला.

दादा साडेचारला आला. खिशाला पेन, हातात कोरा कागद. अंगणात मशीनचा पंखा ऐकून तो दारातच थांबला.

"उघडू नकोस म्हटलं होतं ना रे?"

"एक जोड मार," धाकट्याने होल्डर पुढे केला.

"आता कशाला?"

"मार, दादा."

दादाने डाव्या हातात होल्डर घेतला. उजवीकडून डावीकडे, घाईत. संपल्यावर होल्डर ठेवला आणि रुमालाने मान पुसली. खपली उडवायची तसदी त्याने घेतली नाही.

ती धाकट्याने उडवली. दाट खवले. डावीकडून उजवीकडे. भरलेलं टोक.

"तू बघितलंही नाहीस," धाकटा म्हणाला.

"काय बघायचं त्यात."

"कधीपासून?"

"स्टँडच्या आधी दोनेक महिने. तेव्हापासून खपली मीच उडवतोय, रंगही मीच देतोय."

"आणि माझ्या गळ्यात घातलंस."

"मी कुठे घातलं?" दादा शांतपणे म्हणाला. "माझाच हात, असं तूच म्हणालास. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

धाकट्याला वाटलं, ओरडावं. पण ते खातं आजवर दादाकडे होतं. ओरडायचं कसं, हे त्याला कळेना.

"मी खरं लिहिणार आहे."

"लिही की." दादाने आत जाऊन जेवणाच्या टेबलावर कागद सरकवला, त्यावर पेन ठेवलं. "जे खरं तेच लिही."

धाकटा टेबलाशी बसला आणि रागाच्या भरात एका दमात लिहून मोकळा झाला. 'तिसऱ्या पायाचा जोड मी मारलेला नाही.' खाली सही. दादा समोर उभा होता. तो कागदाकडे बघत नव्हता, धाकट्याच्या हाताकडे बघत होता.

बेल वाजली.

दादाने कागद उचलला, शाईवर फुंकर घातली, आणि आत आलेल्या मालकाच्या हातात दिला. मालकाने चष्मा लावला.

"हं. दादा, हे तुमचं," तो म्हणाला. "तुमचं तिरकं अक्षर मी मागच्या वर्षीच्या कोटेशनवर पाहिलंय. सहीही तुमचीच. म्हणजे जोड तुमचा नाही."

धाकटा उठला. त्याला मालकाच्या खांद्यावरून दिसलं. डावीकडे कललेल्या ओळी, आणि खाली दादाची वेलांटीची सही.

"अहो, ते मी..."

"आणि यांचं?" मालकाने विचारलं.

दादाने आतल्या खिशातून घडी घातलेला दुसरा कागद काढला. घड्या मळल्या होत्या. बरेच दिवस खिशात असावा.

मालकाने तो सावकाश वाचला: 'तिसऱ्या पायाचा जोड माझाच,' आणि खाली धाकट्याची सही. मग चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं, जरा कीव येऊन.

"काही म्हणा," तो म्हणाला, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं."