चौदा नंबरच्या जिगचं वाचन

जुन्या जिग तपासायच्या प्रकल्पाचं वेळापत्रक संघमित्रा टेंभुर्णेने स्वतः आखलं. नागपूरजवळच्या त्या विमान-कारखान्यात अशा साठ जिग होत्या. पंख जोडताना त्याचे भाग केसभरही हलू न देणारे पोलादी सांगाडे. सुरुवात एक नंबरपासून व्हायला हवी होती. तिने पहिल्याच दिवशी चौदा नंबर लावला. प्रकल्पप्रमुख तीच, त्यामुळे कोणी का म्हणून विचारलं नाही. या अधिकारासाठी ती नऊ वर्षं दात-ओठ खात थांबली होती.

नऊ वर्षांपूर्वी याच जिगची संदर्भखुंटी, म्हणजे जिथून सगळी मापं घेतात ती खुंटी, जागची हलली. कळेपर्यंत अकरा पंखांची भोकं तिरकी पडली, पंख भंगारात गेले. विभागप्रमुख कानविंद्यांनी चौकशीत जिगफिटर दौलत उके यांचं नाव लिहून दिलं. एकतीस वर्षं पोलादात काढलेला माणूस. संघमित्राला पाना धरायला त्यांनीच शिकवलेलं. उके एक शब्द बोलले नाहीत. गेटपास टेबलावर ठेवून निघून गेले. पुढे कुठल्याच कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही.

आता ताणवाचक नावाचं यंत्र आलं होतं. पोलादावर पडलेला प्रत्येक दाब त्याच्या कणांत शिल्लक राहतो. शेड दिवसा तापते, रात्री निवते, त्याचे थर झाडाच्या वलयांसारखे साचत जातात. म्हणून कुठला दाब कोणत्या दिवसाचा, कोणत्या प्रहराचा, तेही वाचता येतं. आणि पाना आवळायची लकब ज्याची त्याची, सहीसारखी; कारखान्यातल्या प्रत्येकाची लकब यंत्रात नोंदलेली.

संघमित्राने यंत्राचा डोळा खुंटीवर टेकवला. पडद्यावर ओळ उमटली: सात ऑगस्ट, संध्याकाळ. खुंटी जोर लावून आत दाबलेली. हात डावखुरा. जुळणारी नोंद, कानविंदे.

“सापडलास,” ती पुटपुटली.

मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. तोच दिवस, भर दुपार. पोलाद तापलेलं असतानाच खुंटी आवळलेली. हात हलका, घाईतला. जुळणारी नोंद, टेंभुर्णे.

ते तिचंच नाव होतं. तेव्हा ती शिकाऊ होती. “निवल्याशिवाय हात लावू नको,” असं बजावून उके जेवायला गेले होते, आणि तिला काम लवकर उरकून दाखवायचं होतं. पोलाद निवलं तशी खुंटी सरकली. संध्याकाळी ते कानविंद्यांच्या लक्षात आलं. मुदत चुकू नये म्हणून त्यांनी ती नुसती दाबून बसवली आणि जिग पास केली.

तिने दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग वाचनाचा आलेख छापला आणि डाव्या कडेची दुपारची पट्टी कापून टाकली.

आढावा बैठकीत कानविंदे आता संचालकांच्या खुर्चीत होते. संघमित्राने आलेख भिंतीवर लावला.

“साहेब, हा हात ओळखता?”

कानविंद्यांचा चेहरा उतरला. “मी तिथे गेलो तेव्हा खुंटी आधीच सरकलेली होती. त्याच्या आधीचं वाचन लावा!”

“आधीचं खराब आलंय,” ती शांतपणे म्हणाली. “आणि उक्यांचं नाव लिहिणारा हातसुद्धा डावखुराच होता ना?”

बैठक संपायच्या आत त्यांना गेटपास टेबलावर ठेवायला सांगितलं गेलं. चार वाजता कानविंदे एकटेच फाटकाकडे चालत निघाले. खिडकीतून ती त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. वाटलं होतं त्याहून गोड वाटलं.

तशीच ती उक्यांच्या घरी गेली. ओट्यावर बसून त्यांच्या हातात कागद दिला, बैठकीत घडलेलं सगळं सांगितलं. “काका, तुमचं नाव धुतलं मी. उद्या कंपनीची माणसं माफी मागायला येतील.”

उक्यांनी चष्मा पुसून आलेख नीट पाहिला. रेघेवरून बोट फिरवत ते डाव्या कडेला आले, कागद जिथे कापला होता तिथे थांबले.

“जेवून आलो तवाच खुंटीले हात लावून पाह्यला होता मी, तापलेलीच आवळली होती,” ते हळूच म्हणाले. “दुपारचं काहून कापलं, पोरी?”