सैल तारेची बाजू

"वहिनी, कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठलंय."

एवढं बोलून ती बाई उंबऱ्यातच मटकन बसली. आसपासच्या खेड्यांना हवेतून इंटरनेट पुरवायची, म्हणून सगळे तिला नेटवाली म्हणत. भाऊजींनी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो न पिताच बाजूला ठेवला.

लपवलेल्या गोष्टी उजेडात आणणं हा वहिनींचा उद्योग. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते जीप चालवत आणि बहुधा चुकीच्या माणसावर संशय घेत.

"सावकाश सांगा," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

"काल सकाळी टेकडीवरचा अँटेनाचा खांब कोसळला. हे नुकतेच खाली उतरले होते. चार पावलं टाकली नि मागे धाडकन! हे तसेच मला बोलवायला घरी पळाले. चार बाजूंना चार तारांनी ताणून धरलेला खांब तो. आम्ही येऊन पाहिलं, तर शेजाऱ्याच्या शेताकडची तार ताणायचा स्क्रू कुणीतरी पान्यानं पार सोडून ठेवलेला."

"तारांचाच खांब का घेतला?"

"मला चार पायांवर आपला आपण उभा राहणारा टॉवर हवा होता. मामा म्हणाला, त्याला फार वेळ जाईल, तारांचा घे, तारा जमिनीत रोवायचे पाये मी बघतो. सख्खा मामा माझा, गवंडीकाम करतो. दोन्ही टेकड्यांवरचे खांब त्यानेच उभे केले." तिचा आवाज चिरकला. "आज दुपारी हे दुसऱ्या खांबावर चढणार आहेत. निदान दवाखान्याचं नेट तरी चालू करायला हवं ना! पण तो पाना घेतलेला माणूस तिथेही आला तर?"

भाऊजींनी नकळत दाराबाहेर नजर टाकली. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी जीपची किल्ली उचलली.

तिघं जीपनं टेकडीकडे निघाले. वाटेत केबलवाल्याचं दुकान लागलं. धंद्यात स्पर्धा म्हणून पहिला संशय त्याच्यावर. तो कपाळाला हात लावून बसला होता. "तिला शिव्या घालतो खरा, पण दुकानात नेट तिचंच वापरतो, वहिनी. कालपासून माश्या मारतोय."

टेकडीवर खांब आडवा पडला होता. त्याचं टोक शेजाऱ्याच्या उभ्या पिकात घुसलं होतं. शेजारी बांधावर उभा राहून धुमसत होता.

"ह्या सांगतात, तारा तोडीन म्हणालात ना तुम्ही?" भाऊजींनी दरडावलं.

"म्हणालो! चारचौघांत म्हणालो. ट्रॅक्टर वळवायला जागा ठेवली नाही ह्या बाईनं. पण बोलतो तो करतो होय? आवाज ऐकून वस्तीवरून इथे पोचलो, तर मामा आधीच फावडं घेऊन उभा. त्यालाच विचारा."

"हा शेजारीच तो," भाऊजी कुजबुजले.

खांबापाशी थांबलेला मामा हातातलं फडकं पिळत पुढे आला. "माती सारखी करत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागायला नको."

भाऊजी खांबाला वळसा घालून शेताच्या उलट बाजूच्या तारेपाशी गेले आणि घोट्यापर्यंत रुतले. "अरेच्चा! बाकी तिन्ही तारांच्या पायांपाशी गवत माजलंय, इथे मात्र लोणी!"

वहिनी वाकल्या. त्या तारेच्या खालच्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला ओला, काळा चिखल लागला. टेकडी मात्र हाडासारखी कोरडी होती.

"भाऊजी, दोघांनी तुमचे दोन हात दोन बाजूंना ओढलेत. उजवीकडच्यानं सोडलं. कुठे पडाल?"

"डावीकडे. ज्यानं सोडलं त्याच्या उलट—" भाऊजी वळले. त्यांनी पिकात घुसलेल्या टोकाकडे पाहिलं.

"शेताकडची तार आधी सुटली असती, तर खांब शेतापासून लांब पडला असता. तो पडला शेतात. म्हणजे शेताकडची तार ओढत होती आणि दगा दिला समोरच्या तारेनं. तिचा पाया जमिनीतून उपटून आला. तो परत पुरला, म्हणून इथे गवत नाही. तारेला लागलेला ओला चिखल खोल खड्ड्यातला आहे. शेताकडचा स्क्रू सोडला तो खांब पडल्यानंतर, शेजाऱ्याच्या धमकीचा आडोसा घेऊन. सगळ्यांत आधी फावडं घेऊन इथे कोण होतं?"

"खोटं आहे!" मामा ओरडला. "माझे पाये पक्के आहेत! दोन्हीकडचे!"

"वहिनी," भाऊजींनी दरीपलीकडे बोट दाखवलं. "समोरच्या टेकडीवर... खांबावर कुणीतरी चढतंय."

नेटवालीनं तोंडावर हात ठेवला. "ऊन चढायच्या आत निघाले वाटतं!" तिनं फोन काढला. पण इथले फोन तिच्याच नेटवर चालत, आणि नेट काल खांबाबरोबर झोपलं होतं.

तो ठिपका आणखी वर सरकला.

मामाच्या हातून फडकं गळून पडलं. तो कड्याच्या टोकाला धावला. "जावईबापू, उतरा! तोही पाया तसलाच आहे! उतरा हो!"

वारा उलटा होता. आवाज दरीतच विरला.

"भाऊजी, हॉर्न!"

भाऊजी जीपकडे पळाले आणि अख्खा पंजा हॉर्नवर दाबून धरला. ठिपका थांबला. खांब किंचित डोलला, का त्यांचेच डोळे फिरले, कळेना. मामा दोन्ही हातांनी खाली, खाली अशा खुणा करत होता. मग ठिपका हळूहळू खाली येऊ लागला.

"पाया खणताना खाली सगळा भुसभुशीत भराव लागला, खडक काही लागेना," मामा हुंदके देत म्हणाला. "तुला घाई होती, पोरी. दुपारच्या आत तिथे जाऊन दगड भरणार होतो..."

"रात्रभर दाराला कडी लावून मी त्या पाना घेतलेल्या माणसाला भीत बसले होते, मामा," नेटवाली म्हणाली. "आणि असा कुणी माणूसच नाही, हे तुला ठाऊक होतं. तू शेजारच्या खोलीत झोपला होतास."

मामा कड्यावरच खाली बसला.

समोरचा ठिपका जमिनीला टेकला आणि खांबापासून दूर झाला. वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तरी हॉर्न वाजतच होता.

"सोडा आता, भाऊजी. उतरले ते."

"कळतंय, वहिनी," भाऊजी म्हणाले. "पण हात सुटत नाहीये."