कॅमेऱ्याला फोडलेला नारळ

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या न्हाणीघराच्या दाराला कान लावून बसला होता.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी कुणी गोड बोलेल का? मी हातातला खराटा उगारला आणि ओरडले, "काय हो, लाजबीज आहे की नाही?"

त्यानं ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. माझ्याच घरात! मग हळूच दार पुढे ढकललं... कर्रर्र. मागे ओढलं... कर्रर्र. डोळे मिटून, मान डोलावून, अगदी मैफलीला बसल्यासारखं त्यानं ते ऐकलं आणि बिजागरीशी धरलेला माइक खाली घेतला.

"आत कुणी नाही. आधी टकटक केली होती, शप्पथ! पण या बिजागरीला कधी तेल घालू नका हं. सोन्यासारखा आवाज आहे तिचा."

"तुम्ही सिरीयलवाले?"

"सिरीयलचा आवाजवाला. अजिंक्य."

"आणि मी खराटेवाली. अक्षया. न्हाणीघर माझं आहे."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती, हे मी मुद्दाम पाहिलं नाही. दिसलं, एवढंच.

आमचं घर रत्नागिरीहून पावसकडे जाताना उजव्या हाताला, सड्यावर. खाली समुद्र, वर आभाळ आणि मध्ये उघडाबोडका काळा कातळ. शेजार म्हणाल तर नाही. वाडी खाली, उताराच्या पायथ्याशी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात बोटीवर काढली. जमिनीवर आले तर म्हणे वाऱ्याचा आवाज नसला की झोप लागत नाही. मग सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी इथं चिरेबंदी घर बांधलं. आई गेल्यावर मी पुण्याची नोकरी सोडून आले आणि दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागले. बरं चाललं होतं आमचं. संध्याकाळी वाडीतली माणसं आप्पांच्या पडवीत चहाला जमायची, पाहुणे आप्पांकडून बोटीवरच्या थापा ऐकायचे.

गणपती होऊन गेले आणि मालिकेची मंडळी आली. "थोडं रहस्य आहे कथेत," एवढंच ते म्हणाले होते. मालिकेचं नाव 'कातळावरची ती'. ती म्हणजे भूत, हे आम्हाला मागाहून कळलं.

परतीचा पाऊस अधूनमधून शिंपडून जायचा. बाकीचे कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक टाकायला धावत, अजिंक्य मात्र माइक घेऊन पावसात जाई. पत्र्यावरचा पाऊस वेगळा, केळीच्या पानावरचा वेगळा, उपड्या घातलेल्या कळशीवरचा वेगळा...

"आणि माझ्या डोक्यावरचा?" एकदा मी छत्रीशिवाय विहिरीवर अडकले तेव्हा चिडून विचारलं.

त्यानं खरोखरच माइक माझ्या डोक्याजवळ आणला. "शूऽऽ... बोलू नका. रागावलेला पाऊस आहे हा, सहसा मिळत नाही."

"तुम्ही मूळचे कुठले हो, इतके आगाऊ?"

"केळशीचा."

"तरीच! समुद्राकाठचेच, म्हणून तोंड बंद ठेवायची सवय नाही."

"सवय होती... पण रोज कुणीतरी भांडायला मिळायला लागलं."

हे तो माइककडे बघत म्हणाला, माझ्याकडे नाही. मला मात्र पाऊस थांबल्याचंही कळलं नाही.

शूटिंग संपलं त्या दिवशी सामान गाडीत चढलं तरी तो पायरीवर घुटमळत होता. "अक्षया, मी... म्हणजे तुझा एक आवाज माझ्याकडे..." तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. "फोनवर सांगतो," म्हणाला आणि पळाला. फोनवर तो पुष्कळ बोलायचा. केळशीबद्दल, मुंबईतल्या आवाजांबद्दल, मी जेवले का याबद्दल. पण ते काही त्यानं सांगितलं नाही.

आणि मालिका सुरू झाली.

काय सांगू! आमची पडवी, आमची विहीर, आमचं करकरणारं दार, सगळं महाराष्ट्रभर पोचलं. भूत तर दिसायचंच नाही. फक्त एक बाई कुठेतरी गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसते सूर, संथ, खोल, विहिरीतून आल्यासारखे. माझ्या अंगावरही काटा यायचा. नाताळात येणारे पाहुणे फोन करून विचारू लागले, "हेच का हो ते घर?" हो म्हटलं की बुकिंग रद्द. हौशी पोरं यायची, फाटकातून फोटो काढायची आणि पळायची.

पाहुण्यांचं मी सोसलं असतं. पण पडवीतला चहा बंद झाला. मासळी घेऊन दारात येणारी चिमामावशी पायथ्यापासूनच हाका मारू लागली.

"अक्षया गोऽऽ! खाली ये, बांगडे हायत!"

"वर का येत नाहीस गं मावशी? टीव्हीतलं खरं वाटतं तुला?"

"मी काय खुळी हाय? टीव्हीतला खोटा असता ता मला कळता. पन तुमचा राखणदार रागावलाय, ता खोटा नाय."

मग उलगडा झाला. आमच्या घरामागं कातळात एक शेंदूर लावलेला दगड आहे, तो सड्याचा राखणदार. सड्यावर काही नवं करायचं तर आधी त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही इथली रीत. वाडीत गाऱ्हाणं घालतात ते काशीरामकाका. ते मला म्हणाले, "पयल्या दिशी नारळ फोडलानी, ता मी बघितला. पन कॅमेऱ्याला फोडलानी! कुंकूसुद्धा कॅमेऱ्याला लावलानी. ज्याच्या जागेत खेळ मांडलास, त्याला नको इचारायला?" नंतर आमच्या वळणावर वाडीतल्या बाबल्याची मोटारसायकल घसरली, आणि वाडीची खात्रीच पटली.

"मग मी ठेवते ना नारळ, काका."

"तुझा उपेग नाय. चूक ज्याची, नारळ त्याचा."

मी मालिकेच्या कचेरीत फोन करकरून थकले. एकदा कुणीतरी उचलला आणि "मॅडम, नारळासाठी?" म्हणून हसून ठेवून दिला. त्याच संध्याकाळी मी अजिंक्यचा नंबरही ब्लॉक करून टाकला. राग त्यांचा, निघाला त्याच्यावर. पण मला खरंच फार एकटं वाटत होतं, आणि त्यातही त्याचीच आठवण येत होती, याचा जास्त राग होता.

आप्पा काही बोलत नसत. रोज मालिका मात्र लावत, न चुकता. आणि एक दिवस म्हणाले, "शिमगा झाला की घर बंद करूया. पनवेलला तुझ्या दादाकडं जाऊ."

"आप्पा! तिथं वारा नाही."

"माझं काय गो, पंखा लावून झोपेन. पण भुताच्या घरातल्या पोरीकडं कोण येणार? माझ्यामागं तू ह्या कातळावर एकटी... नको."

माझ्यासाठी ते स्वतःचं घर सोडायला निघाले होते.

काजूला मोहोर आला होता तेव्हाची सकाळ. फाटक वाजलं. मी खराटा घेऊनच बाहेर आले, फोटो काढणाऱ्या पोरांना हाकलायला... तर तो. हातात पिशवी, चेहरा उतरलेला, खळी बेपत्ता.

"नंबर लागत नव्हता," तो म्हणाला. "हायवेवर हातखंब्याला उतरलो, मिळेल ती गाडी धरून आलो."

"कशाला? आता कुठलं दार ऐकायचं राहिलं?"

"ऐक ना... ते गुणगुणणं. मालिकेतलं." "तो तुझा आवाज आहे, अक्षया."

"माझा? कधी?"

"एका दुपारी तू तांदूळ निवडत होतीस, काहीतरी गुणगुणत. मी स्वतःसाठी रेकॉर्ड केलं होतं. खरंच, फक्त माझ्यासाठी! मुंबईत गेल्यावर ऐकायला. दिग्दर्शकांना भुताचा एकही आवाज पसंत पडेना. त्यांनी माझ्या मशीनवर हा ऐकला, आणि... मी संथ करून दिला. तुला विचारलं नाही. त्या दिवशी पायरीवर रेकॉर्डिंगचं सांगणार होतो, मग सांगायची हिंमतच झाली नाही."

म्हणजे अख्खा महाराष्ट्र ज्या बाईला घाबरत होता, ती मी! हसू की रडू कळेना. "चोर!" मी म्हटलं. "चोर आहेस तू! माझ्याच आवाजानं माझंच घर ओस पाडलंस!"

"हो," तो म्हणाला. एवढंच. सबब सांगितली असती तर मी खरंच खराटा हाणला असता.

मागं आप्पा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता याची धडगत नाही. पण ते पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी अजिंक्यच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे."

"आप्पा?"

"ती चाल हिच्या आईची. तांदूळ निवडताना हेच गुणगुणायची. हिच्या तोंडून घाईघाईत ऐकू येतं, कामाच्या नादात. पण संथ केलंस ना तू... तर थेट तिचा आवाज झाला." "मी बोटीवर होतो बाबा. तिचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. गेली ती, आवाजही गेला असं धरून चाललो होतो. रोज त्यासाठीच टीव्ही लावून बसायचो. लोक घाबरायचे, आणि मी... तुझे उपकार झाले माझ्यावर."

आप्पा कधी कुणासमोर असे बोलत नाहीत. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी खराटा भिंतीला टेकवला आणि पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले. अजिंक्य तर सरळ रडत होता.

"पिशवीत काय आहे?" मी शेवटी विचारलं.

"नारळ," तो म्हणाला. "कचेरीत तुझ्या फोनची थट्टा चालली होती, त्यावरून कळलं. आमच्या केळशीतसुद्धा हीच रीत आहे गं. त्या दिवशी कॅमेऱ्याला फोडला तो नारळ मीच आणला होता. मला कळायला हवं होतं. कंपनीतलं कुणी येणार नाही. पण मी त्यांच्यातलाच होतो ना... चालेल का माझा?"

मी काशीरामकाकांना हाक मारायला धावत उतार उतरले. "चालंल," ते म्हणाले, "पन वाडीला सांग. गाऱ्हाणा चोरून घालायचा नस्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी वर आली. किती दिवसांनी! बाबल्या लंगडत, चिमामावशी रिकामी टोपली घेऊन, पोरंबाळं, सगळी. राखणदारापुढं नारळ धरून काकांनी सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, सड्याच्या राखणदारा! ह्यो तुझा लेकरू केळशीसून आलाय..."

"व्हय म्हाराजा!" वाडीनं साथ दिली.

"पोटासाठी भुताचा खेळ मांडलानी, तुला इचारलानी नाय, नारळ फोडलानी ता त्या कॅमेऱ्याला फोडलानी..."

"व्हय म्हाराजा!"

"चुकला माकला पदरात घे!" मग काका अजिंक्यकडे वळले. "आता तुझा मागणा बोल. मनात नाय, तोंडानं. त्याला ऐकू गेला पायजे."

अजिंक्यनं हात जोडले. "ह्या घराला पूर्वीसारखी माणसं येऊ देत."

"व्हय म्हाराजा!"

"आप्पांना... त्यांचं घर सोडावं लागू नये."

"व्हय म्हाराजा!"

"आणि..." तो अडला. कान लालबुंद झाले. दुसऱ्यांचे आवाज गोळा करणाऱ्या माणसाला स्वतःचा सापडेना.

"बोल रे, नारळ जड झालाय माझ्या हातात."

"आणि अक्षयानं... मला माफ करावं. आणि... म्हणजे तिला वाटलं तर... मी लग्नाचं विचारलं तर तिनं..." त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. "हो म्हणावं."

"व्हय म्हाराजा!" वाडी एका सुरात गर्जली. आणि मग आपण काय बोललो ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. बाबल्या फिस्सकन हसला. चिमामावशीनं पदर तोंडावर घेतला. आप्पा एकदम समुद्राकडे बघू लागले, जणू एखादी बोट यायची होती.

काका मात्र गंभीर होते. "माझा म्हणून झाला, वाडीचा झाला. एक मानूस म्हणायचा ऱ्हायलाय. त्याशिवाय नारळ फुटायचा नाय."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. छातीत असं काही धडधडत होतं की त्याच्या माइकशिवायही कुणाला ऐकू गेलं असतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ऐकू आला नाय गो!" चिमामावशी ओरडली.

"मला आलं," अजिंक्य म्हणाला. आणि त्यानं डोळे उघडले.

नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरले आणि माणसं न सांगता आमच्या पडवीत जाऊन बसली, चहाची वाट बघत. आप्पांनी तिथूनच दादाला फोन लावला, "शिमग्याला तूच ये रे. मी कुठं येत नाय."

मी एकटीच थोडा वेळ मागं थांबले. राखणदारासमोर हात जोडले, पण मागायचं काही सुचेना. नवऱ्याचं सोडा, आई परत ऐकायला मिळाली होती, आप्पांचं घर राहिलं होतं. आतून कुणीतरी साखर कुठे आहे म्हणून हाका मारत होतं. मी नुसतंच "बरं केलंस" म्हटलं, आणि चहा ठेवायला गेले.