सात नंबरचे दिवे

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वेश्वरपंत पावगी दुर्गाघाटावरच्या शेवड्यांच्या घरी आले. त्यांच्या उपरण्यात सत्तावीस जळके विजेचे दिवे बांधलेले होते.

"शरदिनीबाई, दिवेलागणीपर्यंत गुन्हेगार ठरवा. नाहीतर मी अंबिकेला पोलिसांत देतो."

दत्तात्रेयाने पूजेचं तबक बाजूला ठेवलं. पौरोहित्य हा त्याचा व्यवसाय. पण धाकट्या बहिणीने लोकांची कोडी सोडवायला घेतल्यापासून तिच्या मागे छत्री घेऊन हिंडणंही त्याच्याच वाट्याला आलं होतं. पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईला काशीत दुसरं काम कोणी दिलं नव्हतं.

"झालं काय?" शरदिनीने विचारलं.

पंतांचा स्वदेशी दिव्यांचा छोटा कारखाना होता. कार्तिकात घाटावर बांबूंवरून आकाशदीप टांगतात. यंदा वेताच्या टोपल्यांत पणत्यांऐवजी पंतांचे एकशेआठ दिवे लावून पाहायचे, आणि नीट जळले तर सगळ्या घाटांचं काम पंतांना, असं म्युनिसिपालिटीच्या गोऱ्या साहेबाने ठरवलं होतं.

"काल रात्री बटण दाबलं, आणि सत्तावीस दिवे पांढऱ्या धुराने भरले! साहेब हसला. 'नेटिव्ह माल,' म्हणाला. चारचौघांत!" पंतांनी उपरणं सोडलं. "आणि हे बघा. सत्तावीसच्या सत्तावीस दिव्यांच्या पितळी टोपीवर सात नंबर. सात म्हणजे माझ्या कारखान्यातली अंबिका."

शरदिनीने दिवा उजेडात धरला. "पांढरा धूर म्हणजे आत हवा शिरली. तार हवेत जळली. पंपावर कोण असतं?"

"मी स्वतः. हवा काढून नळी बंद केल्यावर एकशेआठही दिवे पेटवून पाहिले. एकदम झकास. म्हणून तर म्हणतो, तिने बसवलेल्या तारेच्या जोडातून हवा मागाहून हळूहळू शिरली."

"नंतर?"

"नंतर वेणीमाधव टोप्या बसवतो, की झालं."

शरदिनी एकेक दिवा फिरवून पाहत होती. आत तार अडकवायचे केसाएवढे आकडे होते. "दादा, या सगळ्या आकड्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत."

"छान आहेत," दत्तात्रेय म्हणाला.

कारखाना ब्रह्माघाटामागच्या गल्लीत होता. बायका पडद्याआड बसून आकडे वळवत, तार चढवत आणि पाटी भरली की आपल्या नंबराची चिठ्ठी लावून ती खिडकीतून पुरुषांकडे सरकवत. दाराशी नियमांचा फळा होता. दत्तात्रेयाने तो मोठ्याने वाचला.

"आकाशदीपांचे पवित्र काम येथे होत असल्याने, बाजूला बसलेल्या स्त्रीने चार दिवस आत पाऊल टाकू नये. महिन्यात दोनपेक्षा अधिक खाडे झाल्यास नाव कमी करण्यात येईल." त्याने मान डोलावली. "पहिला नियम उत्तम हो, पंत."

शरदिनीने फळा दोनदा वाचला.

हजेरी अन्नपूर्णाबाई ठेवत. पानावर महिनाभर सगळ्या बायकांपुढे 'ह' होता. काही 'ह'खाली मात्र ठिपके होते, सलग चार-चार. आकाशदीपांच्या दिव्यांचं काम ज्या चार दिवसांत झालं, त्या दिवसांत अंबिकेच्या नावाखाली चार होते.

"हे काय?"

"दौत गळते, बाई," अन्नपूर्णाबाई नजर न उचलता म्हणाल्या.

"नवी घ्या," दत्तात्रेय म्हणाला.

अंबिका तिशीची विधवा होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला तो डाव्या हाताने. दत्तात्रेयाने हात मागे घेतला.

"डावरी आहे मी, भटजी. सगळं कामच या हाताने होतं. राग नका मानू."

"दिवे कसे बिघडले?" शरदिनीने विचारलं.

"माझ्याकडून नाही बिघडले."

"मग कोणाकडून?"

अंबिकेने अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

"बघा! बोलायला तोंड नाही," पंत ओरडले.

कोपऱ्यात देवांपुढे गेल्या वर्षीचा एक दिवा जळत होता. शरदिनीने तो विझवून घेतला, पदराने धरून टोपी पाहिली आणि मग बराच वेळ आत पाहिलं. सात नंबर. पण आकड्यांची तोंडं उलट बाजूला.

वेणीमाधव पलीकडच्या खोलीत लाखेने टोप्या चिकटवत होता. त्याच्या डोक्यावर विलायती दिव्यांच्या कंपनीचं नवंकोरं कॅलेंडर होतं.

"टोपीवर नंबर कसा घालता?"

"पाटीवरच्या चिठ्ठीत जो असेल तो ठोकायचा. काचेच्या आत डोकवायला मला फुरसत कुठे?" तो हसला. "बिचारी अंबिका. मागे ना पुढे कोणी. पंत, पोलिस नका बोलवू, नुसती काढून टाका."

"बायकांच्या खोलीत तुम्ही जाता?"

"राम राम! पडद्याआड? कधीच नाही."

शरदिनीने सगळ्यांना देवांपुढे बोलावलं आणि स्पिरिटचा दिवा मागितला.

जळक्या दिव्याची टोपी तिने ज्योतीवर धरली. लाख मऊ झाली तशी टोपी ओढून काढली. मग एका चांगल्या दिव्याचीही काढली. "पंत, हवा काढून तुम्ही नळी वितळवून बंद करता. चांगल्या दिव्यात तिचं टोक तांदळाच्या दाण्यासारखं गोल आहे. जळक्यात?"

पंतांनी चष्मा चढवला. "तुटलंय. सांडशीने चिमटल्यासारखं."

"तिने ते केलं असेल!" वेणीमाधव म्हणाला.

"पंपावर पंतांनी दिवे पेटवले तेव्हा टोक शाबूत होतं. त्यानंतर दिवे फक्त तुमच्याकडे आले. तुटलेलं टोक टोपीखाली झाकलं गेलं."

"माझ्याकडे एकशेआठ दिवे आले. नेमके तिचेच कसे बिघडले मग?"

"तेच तर," शरदिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. पण दत्तात्रेयाला तिच्या कपाळावरची शीर दिसली. "सत्तावीसांपैकी एकही दिवा अंबिकेचा नाही."

तिने देवांपुढचा दिवा जळक्या दिव्याशेजारी ठेवला.

"डाव्या हाताने वळवलेला आकडा उलट बाजूला वळतो. देवांपुढचा दिवा खरोखर अंबिकेचा आहे, बघा. या सत्तावीसांचे आकडे उजव्या हाताचे आहेत."

"मग सात नंबर?" पंत गोंधळले.

शरदिनीने अंबिकेकडे पाहिलं आणि थांबली.

"सांगा, ताई," अंबिका म्हणाली. "मी चोर नाही एवढं कळू दे."

"अन्नपूर्णाबाईंची दौत गळत नाही, पंत. ठिपका म्हणजे कावळा शिवला. त्या चार दिवसांत अंबिका घरी होती, कारण तुमचा पहिला नियम. पण दुसरा नियम म्हणतो, दोनपेक्षा जास्त खाडे केले तर जा. तुम्हीच आत येऊ नको म्हणता, आणि आली नाही म्हणून काढूनही टाकता! मग बाईने करायचं काय?"

पंतांनी हजेरीचं पान पुढे ओढलं.

"आकाशदीपांच्या कामावर चौघी होत्या. अंबिका नव्हती तेव्हा बाकीच्या तिघींनी आपले थोडे थोडे दिवे अंबिकेच्या चिठ्ठीखाली पाठवले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "हजेरी मी लिहिली. मला काढा."

"त्याच तिघींचे स्वतःच्या नंबरचे दिवे काल उत्तम जळले," शरदिनी म्हणाली. "दोष हातांचा असता, तर त्यांचेही गेले असते. गेले फक्त सात नंबरचे. म्हणजे ज्याने तोडले त्याने काचेच्या आत पाहिलंच नाही, नुसती चिठ्ठी वाचली. पडद्याआड काय चालतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि सातच का? जिच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही, अशी ती एकटीच होती."

वेणीमाधवने कॅलेंडरकडे पाहिलं. बस, तेवढं पुरे झालं.

"विलायती कंपनीची एजन्सी देतो म्हणाले होते मला," तो पुटपुटला.

"आणि या बाईला तुरुंग!" पंत कडाडले. "चल, आत्ता साहेबापुढे हेच सांग. अंबिके, तू उद्यापासून ये."

"आधी तो फळा काढा, मालिक."

पंतांनी दत्तात्रेयाकडे पाहिलं. "नियम पावित्र्याचा आहे. भटजी, तुम्हीच सांगा."

दत्तात्रेयाने तासाभरापूर्वीच मान डोलावली होती. ती आठवून त्याचे कान तापले. "पंत, तुमच्या पवित्र दिव्यांत सांडशी घालणारा आंघोळ करून, गंध लावून बसला होता. त्याला कोणत्या नियमाने अडवलं?"

त्याने स्वतःच खिळ्यावरून फळा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मग घसा खाकरून तो म्हणाला, "अंबिके, पाणी दे."

तिने घाईने पेला उजव्या हातात घेतला. पाणी हिंदकळलं.

"असू दे," तो म्हणाला. "तुझ्या रोजच्या हाताने दे."