चार महिन्यांनंतरची मुलाखत

मुलाखत दिली त्या दिवशी ती बाई मरून चार महिने झाले होते.

संशोधिकेने हे इतक्या हळू सांगितलं की भाऊजींना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. तिचा प्रबंध कापड गिरणीतल्या आगीवर होता. चाळीस वर्षांपूर्वी नऊ बायका त्यात गेल्या. गिरणीचं दार बाहेरून बंद होतं, असं सांगणारी मुलाखत ही एकच. प्रबंध तपासणारी समिती म्हणत होती, बनावट आहे, पदवी विसरा.

"भुताची सही घेतलीस ना?" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी दिराला हातानेच थांबवलं. लोकांची कोडी सोडवण्यात वहिनींचे केस पिकले होते; म्हणूनच संशोधिका त्यांच्याकडे आली होती. भाऊजी सोबतीला असत, मुख्यतः चहापुरते.

"तू मुलाखतीला गेलीस तेव्हा घराचं दार कोणी उघडलं?" वहिनींनी विचारलं.

"तिनेच. मी गिरणीच्या रजिस्टरातलं नाव सांगितलं. म्हणाली, मीच ती."

"वय?"

"रजिस्टरात होतं, म्हणून विचारलं नाही. केस पांढरे होते."

वहिनींनी आधी इतर कामगार बायकांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं लावली. प्रत्येकीला प्रश्न ओरडून विचारलेला, तरी 'काय म्हणालीस?' होतंच. मागांच्या खडखडाटाने सगळ्यांचे कान गेले होते.

मग ती मुलाखत. प्रश्न कुजबुजल्यासारखा, उत्तर लगेच.

"पायच पाय दिसत होते. एकीची चप्पल माझ्या तोंडापाशी आली. दाराखालच्या फटीतून बाहेरची खिट्टी दिसली, जमिनीत घातलेली."

भाऊजींनी मान वळवून पाहिलं. जणू कुणीतरी शेजारीच बसून बोलत होतं.

ते तिघे त्या घरी गेले. जिन्यात शेजारीण म्हणाली, "आता लेकच असते. बिचारी लहानपणी आईच्या पदरालाच असायची, सांभाळायला दुसरं कोण होतं?"

दार पांढऱ्या केसांच्या बाईने उघडलं. संशोधिका मागे सरली. "हीच ती."

"ही तिची लेक," वहिनी म्हणाल्या. "केस अकाली पिकलेत एवढंच. माग चालवणाऱ्या बाईला कुजबुज ऐकू येत नाही. हिला आली."

"म्हणजे समिती बरोबरच की," भाऊजी म्हणाले.

"नाव खोटं, भाऊजी. पाहिलेलं खरं. उभ्या माणसाला दाराखालच्या फटीतून बाहेरचं दिसतं का? ते जमिनीवर लपलेल्या पोराला दिसतं. आईने हिला चोरून कामावर नेलं होतं."

लेकीने दार पूर्ण उघडलं.

"कळलं असतं तर आईचं काम गेलं असतं. मरेपर्यंत म्हणायची, तू तिथं नव्हतीस. रजिस्टरातही मी नाही. मग मला कोण विचारणार?"

संशोधिकेने ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं. मागच्या वेळी राहिलेला प्रश्न तिने आधी विचारला.

"तेव्हा तुमचं वय किती होतं?"

"सहा," ती म्हणाली, आणि खाली फरशीवर बसली.